मावशींची कुजबूज

विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हे मावशींचं आयुष्यभराचं काम. पण कानांनी दगा दिला आणि त्यांची कुजबूज शेवटच्या रांगेपर्यंत पोचू लागली. नायक अडला की त्याच्याआधी प्रेक्षकच त्याचं वाक्य म्हणून मोकळे व्हायचे! दिग्दर्शकाने शेवटी तोंड उघडलं, "मावशी, पुढच्या प्रयोगातही हसं झालं तर तुमची खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. खुर्ची गेली तर उरलं काय? दुकानातून आणलेलं श्रवणयंत्र तर नुसत्या शिट्ट्या मारायचं. म्हणून त्या रीतसर कान तपासायला गेल्या.

आवाजबंद खोलीत बसायचं, कानात बारीक आवाज आला की बटण दाबायचं. नापास होणं मावशींच्या रक्तात नव्हतं. त्यांनी धडाधड बटण दाबलं आणि गड जिंकल्यासारख्या बाहेर आल्या.

"काय म्हणतात माझे कान?"

"कान कुठले, तुम्हीच म्हणताय!" तपासणाऱ्या बाईंना हसू फुटलं. "शेवटी मी आवाज दिलाच नव्हता. तरी तुमचं बटण चालूच!"

बिंग फुटलं. मावशींनी आपलं काम काय ते सांगून टाकलं. आवाज कधी येणार याचा ताल मावशींनी केव्हाच पकडला होता; कोण कुठे थांबेल हे ओळखण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"अहो, वाक्यं नटांना पुरवा, मला उत्तरं नकोत," बाई म्हणाल्या. " तुमची उत्तरं खोटी असली तर यंत्रही चुकीचंच लागेल."

मावशी ओशाळल्या. दुसऱ्या खेपेला बाईंनी ताल मुद्दाम मोडला आणि मावशींनीही खरं तेच सांगितलं. मग त्यावरून जुळवलेलं नवं यंत्र कानात असतानाच बाईंनी शेजारून एक बारीक नळी सरकवून आत आवाज नेमका किती पोचतो तेही मोजलं. "प्रत्येकाचा कान वेगळा. मोजल्याशिवाय मी कुणाला घरी सोडत नाही," त्या म्हणाल्या.

प्रयोगाच्या दिवशी भर प्रवेशात नायकाचा श्वास अडखळला. मावशींना तो ऐकू आला! त्यांनी हलकेच शब्द सोडला, वाक्य पुढे गेलं. तिसऱ्या अंकात तो पुन्हा अडला, मावशींनी पुन्हा सावरलं. टाळ्यांनी नाट्यगृह दणाणलं.

पडदा पडल्यावर मावशी पाठमोऱ्या उभ्या राहून सामान आवरत होत्या. पहिल्या रांगेतून उठून आलेला दिग्दर्शक मागे रंगभूषाकाराच्या कानाला लागला, "नशीब, आज कुणी अडलं नाही. मावशींना कामच पडलं नाही."

मावशी गर्रकन वळल्या. "दोनदा पडलं!"

"दोनदा वाचवलं मला," नायकाने कबुली दिली.

दिग्दर्शक अगदी हळू पुटपुटला, "खुर्ची तुमचीच, मावशी."

तेही त्यांना ऐकू आलं आणि आनंदाने त्यांना हसू आवरेना.