रेडिओच्या पट्टीवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी पट्टी आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद, दोन्ही टोकांना काटकोनात वाकवलेली. एका पिकअप गाडीच्या केबिनमध्ये डॅशबोर्डखाली माझं बिऱ्हाड आहे. माझ्या अंगावर बटणं बसवलेली आहेत, पोटाशी बोलायचा रेडिओ टांगलेला आहे आणि कडेला त्याचा माइक अडकवायचा हूक आहे. गाडीत बसणारा प्रत्येक जण म्हणतो, "वा, रेडिओ झकास आहे!" पट्टी झकास आहे, असं मात्र आजवर कुणाच्याही तोंडून निघालेलं नाही. असो, आता सवय झाली आहे.

आधी मी एका कपाटाचा कप्पा होते. कपाट गंजलं, त्याचं दार निखळलं आणि आमची रवानगी परसात झाली. मालकीणबाईंचा धाकटा भाऊ गाड्यांचं वायरिंग करतो. त्याची नजर माझ्यावर पडली. "ताई, हा पत्रा मला दे, दाजींच्या गाडीला कामाला येईल," असं म्हणून त्याने मला उचललं, कापलं, कानशीने घासलं, वाकवलं आणि काळा रंग दिला. त्या दिवशी मी फार देखणी दिसत होते. दुसरं कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगते.

आमचे मालक घाटात बंद पडलेल्या, खड्ड्यात उतरलेल्या गाड्या ओढून आणतात. पिकअप नवीकोरी होती आणि मालकांचा जीव तिच्यात अडकलेला. मला बसवायची वेळ आली तेव्हा ते दारातच उभे राहिले.

"मेहुणे, डॅशबोर्डला एक जरी भोक पाडलंत, तर जोडीचं तुमच्या डोक्याला पाडीन."

"दाजी, भोक पाडायला अक्कल लागत नाही. न पाडता बसवायला लागते."

मेहुणा पाय दाराबाहेर काढून, डोकं खाली घालून आत शिरला. डॅशबोर्डच्या मागे हात घालून कुठे वायरींचा जुडगा आहे, कुठे मोकळी जागा आहे, हे त्याने बोटांनी चाचपून पाहिलं. गाडीचेच दोन बोल्ट त्याला सापडले आणि त्यांच्यावर त्याने मला चढवलं. प्रत्येक वायरीला वेगळा फ्यूज दिला. मग मालकांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधून त्यांना सीटवर बसवलं.

"पिवळा दिवा लावा. आता मागचा लाइट. विंच कुठे आहे?"

विंच म्हणजे लोखंडी दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र. त्याच्या बटणावर लाल झाकण होतं, म्हणजे चुकून धक्का लागू नये. मालक चाचपडत चाचपडत भलत्याच बटणाला हात लावत, आणि दारातून मालकीणबाई हसत. शेवटी बोटांना सगळं पाठ झालं. गाडी चालवताना नजर रस्त्यावरच हवी, बटणं शोधायला खाली बघायचं नाही, हा मेहुण्याचा नियम.

रेडिओचं दुसरं टोक घराच्या पुढच्या खोलीत होतं. तिथे टेबलाशी मालकीणबाई बसत. कुणाचा फोन आला, गाडी कुठे अडकली, सगळं त्या कळवत. या रेडिओची एक गंमत आहे. बटण दाबेल त्याने बोलायचं, दुसऱ्याने तोवर मुकाट्याने ऐकायचं, आणि बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं. घरात ही दोघं एकदमच बोलायची आणि कुणाचंच कुणाला ऐकू जायचं नाही. रेडिओवर मात्र त्यांचा संसार अगदी शिस्तीत चालायचा.

"अहो, दुसऱ्या वळणावर एक टेम्पो आहे. ओव्हर."

"निघालो. जेवून घे तू. ओव्हर."

अशी वर्षं गेली. माझा रंग कोपऱ्यांवर उडाला. मालकांच्या गुडघ्याचा धक्का लागून लागून एक कड चकचकीत झाली. ओझ्याची मला कधी तक्रार नव्हती. आणि मग कुणास ठाऊक कधीपासून, मालकांनी एक नवीन वाक्य धरलं: "परत सांग, आवाज फुटतोय!"

मेहुणा आला. त्याने अँटेना बदलली. पुन्हा तक्रार. त्याने स्पीकर बदलला. पुन्हा तक्रार. मग मालकांनी निदान केलं की पट्टी थरथरते, तिच्यामुळेच सगळी खरखर होते. माझ्या बोल्टखाली रबराच्या चकत्या आल्या. त्यानंतर आणखी मोठा स्पीकर आला.

"अहो, रस्त्यावरची माणसं थांबून ऐकतात मी काय बोलते ते!" मालकीणबाई म्हणाल्या.

"मग त्यांच्या गाडीला ही पट्टी नसेल," मालक म्हणाले.

काय सांगू मित्रांनो, फार लागलं मनाला. रेडिओचा शब्दन् शब्द माझ्या अंगातून जातो. आवाज कुठेही फुटत नव्हता. पण पट्टीला तोंड कुठून येणार?

आणि मग ती दुपार आली. एक पांढरी मोटार रस्ता सोडून उतारावर घसरली होती. मेहुणा मदतीला आला होता. तो हातात वॉकीटॉकी घेऊन खाली उतरला, त्याने मोटारीला दोर अडकवला आणि म्हणाला, "हळू ओढा." मालकांनी झाकण उचलून बटण वर केलं. दोर ताणला, मोटार हलली. वळणामुळे मालकांना खालचं काही दिसत नव्हतं.

"थांबवा!" रेडिओतून मेहुण्याचा आवाज आला. "दाजी, मोटार तिरकी होतेय, थांबवा!"

उजव्या खिडकीतून विंचची घरघर आत आदळत होती आणि मालक समोर बघत बसले होते. बोट बटणावरच होतं.

"अहो, थांबवा म्हणतोय तो!" आता घरून मालकीणबाई ओरडत होत्या. माझा कण न् कण त्या आवाजाने हलत होता. मालक मात्र शांत. तेवढ्यात खाली उभी असलेली मोटारवाली बाई धावत वर आली आणि दोन्ही हात हलवत गाडीसमोर उभी राहिली. तेव्हा कुठे मालकांनी बटण खाली केलं.

मेहुण्याने उडी मारली होती, म्हणून पाय वाचला. बूट मात्र चाकाखाली गेला.

घरी आल्यावर मालक इंजिन चालू ठेवून तसेच स्टेअरिंगमागे बसून राहिले. चेहरा पांढराफटक होता. "ही पट्टी काढ," ते म्हणाले. "सगळा घोळ हिच्यामुळे. भंगारात टाक."

मेहुणा एकाच बुटावर उभा होता. त्याने उलट उत्तर दिलं नाही, पाना घेतला आणि माझा एक बोल्ट सैल केला. मला वाटलं, संपलं आपलं. इतकी वर्षं भार सांभाळला आणि जाताना हा आळ घेऊन जायचं. तेवढ्यात मालकीणबाई बाहेर आल्या.

"थांब रे जरा," त्या भावाला म्हणाल्या.

त्या मालकांच्या डाव्या बाजूच्या सीटवर येऊन बसल्या. नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चहा टाकू का?"

मालक काचेतून समोर बघत राहिले.

"चहा टाकू का हो?"

काही नाही. मग त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून मालकांच्या उजव्या खिडकीशी आल्या आणि तितक्याच आवाजात म्हणाल्या, "चहा टाकू का?"

"टाक की. त्यात विचारायचं काय?"

मालकीणबाईंनी खिडकीची कड घट्ट धरली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या बाजूने दोनदा विचारलं मी. रेडिओ बिघडलेला नाही हो."

मालकांनी इंजिन बंद केलं. मग खाली बघून म्हणाले, "मला शंका येत होती. पण या कानाने ऐकू येत नाही म्हणून लोकांना कळलं, तर घाटात कोण बोलावणार मला? आणि गाडी सोडून मी घरात बसून करू काय?"

"दाजी, बुटावर निभावलं," मेहुणा म्हणाला. "पुढच्या वेळी निभावेल असं नाही."

"आधी डॉक्टर," मालकीणबाई म्हणाल्या. "गाडीचं नंतर बघू."

डॉक्टरांनी सांगितलं की डावा कान जवळपास गेला, उजवा मात्र उत्तम आहे. गाडी चालवायला हरकत नाही, पण लपवाछपवी बंद. मेहुणा पुन्हा डोकं खाली घालून गाडीत शिरला. त्याने मला सोडवलं, पुसलं आणि उजवीकडे, दाराच्या बाजूला बसवलं. छोटा स्पीकर मालकांच्या उजव्या कानाजवळ आला. विंचचं बटण माझ्यावरून काढलं. आता ते लांब वायरीला जोडलेलं असतं, आणि खाली जो उभा असतो त्याच्याच हातात असतं. माझ्या अंगावर त्या जागी भोक राहिलं, त्यात रबरी बूच आहे. लाल झाकणाचं बटण ही माझी शान होती, ती गेल्याचं वाईट वाटलं. पण मेहुण्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत, तेवढ्यावर मी खूश आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक घाटाकडे निघाले. रेडिओ बोलला.

"अहो, वडाच्या झाडापाशी ट्रक बंद पडलाय. पोचलात की कळवा. ओव्हर." आणि बटण सोडता सोडता, अगदी हळू, "जपून या."

माइककडे गेलेला मालकांचा हात थबकला.

"ओव्हरनंतर काय म्हणालीस? हे काय नवीनच?"

"नवीन कसलं?" मालकीणबाई म्हणाल्या. "रोज म्हणते."

खरं होतं ते. मी रोज ऐकत होते.

मालकांनी गाडी कडेला घेतली. माइक हातात धरून, बटण दाबून ते बसून राहिले, आणि पलीकडे नुसता इंजिनाचा आवाज जात राहिला. मग ते म्हणाले, "येतो. जपून येतो."

मित्रांनो, माझ्यासारख्यांचे बोल्ट अधूनमधून आवळत जा, एवढं तर करालच. पण घरात कुणी सारखं "काय? परत सांग" म्हणू लागलं, तर त्या माणसावर चिडू नका आणि वस्तूंवर खापर फोडू नका. उठा, त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा आणि तेच एकदा प्रेमाने बोलून बघा.