पांढऱ्यावर पिवळा

साहेब, तुम्ही त्या सिस्टरला वॉर्डातून हलवलंत आणि हुकमात कारण लिहिलंत, 'रुग्णांना भुरळ घालण्याचे प्रकार.' रुग्णालयाचे अधीक्षक तुम्ही, सही तुमची, शिक्का तुमचा. पण ती खाटेशेजारी बसून नेमकं काय करते, हे बघायला तुम्ही एकदाही दोन जिने चढला नाहीत. आता बसल्या जागी ऐका.

त्या वॉर्डात एक पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एका दुपारी थिनरचा डबा पेटला आणि मनगटापासून बोटांपर्यंत त्याचा उजवा हात भाजून निघाला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "ड्रेसिंग रोज होणार आणि त्या वेळी बोटंही रोज सरळ करायची. दुखतं म्हणून मिटून ठेवलीत तर तशीच आखडतील. मग ब्रश विसरा."

वेदनेची गोळी अर्धा तास आधी मिळायची आणि आपल्या परीनं राबायची. पण कातडीला चिकटलेलं गॉज सुटायला लागलं की गोळीचेही हात टेकायचे. पहिल्या दिवशी पेंटर असा ओरडला की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी स्वतःचं ड्रेसिंग उद्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली. ठेंगणी, घोगऱ्या आवाजाची. गॉज भिजवत ठेवून तिनं खुर्ची ओढली.

"पेंटर, संमोहन ऐकून माहीत आहे?"

"ऐकून? एका जादूगाराचा बोर्ड मीच रंगवलाय. ताटाएवढे डोळे काढले होते. लंबक आणलात का?"

"चिमटा आहे. त्यावर भागवा. मला सांगा, पाटी रंगवताना बायकोनं हाक मारली तर ऐकू येते?"

"नाही. तिची तीच तर तक्रार आहे."

"म्हणजे वाट तुमच्या पायाखालची आहे. ही झोप नाही, बेशुद्धी नाही. लक्ष एका जागी घट्ट बसतं आणि बाकीचं मागं राहतं, एवढंच. मी सोबत करते, जायचं तुम्ही. नको वाटलं तर डोळे उघडा आणि मला शिव्या घाला."

"आत्ताच घातल्या तर?"

"रांग आहे. नंबर लावा."

त्यानं डोळे मिटले. ती सावकाश बोलत राहिली. श्वास सोडा, खांदे सैल सोडा, समोर कोरी पांढरी पाटी आहे, बोटांत ब्रशचं वजन आहे. पेंटरच्या मनात आलं, बाई गोड बोलून कापणार. पाटी काही दिसेना.

"अक्षरं पिवळी काढूया," सिस्टर म्हणाली.

"पांढऱ्यावर पिवळी? रस्त्यापलीकडून कोण वाचणार? गडद निळी हवीत."

"बरं, निळी. आणि सावली नको, उगाच पसारा."

"सावलीशिवाय अक्षर उभं कसं राहील, सिस्टर? उजेड डावीकडून धरायचा, सावली उजवीकडं खाली उतरवायची."

"किती उतरवायची?"

तो दाखवायला लागला. तिला काही कळत नव्हतं, निदान ती तसं भासवत होती, आणि तो एकेक रेघ ओढून समजावत होता. सात अक्षरं झाली. डोळे उघडले तेव्हा जुनं गॉज बादलीत पडलं होतं आणि तिनं त्याचं चौथं बोट सरळ केलं होतं. दुखलं नाही असं नाही. दुखणं होतं, पण शेजारच्या खोलीत, दार लोटून बसलेलं. हट्टी माणसाला आत न्यायचं तर त्याला खोडायला काहीतरी द्यावं लागतं, हे त्या बाईनं एका दिवसात ओळखलं होतं.

अठरा दिवस असेच गेले. मग तुमचा हुकूम आला. सिस्टर खाली औषधांच्या कोठीत गेली आणि तिच्या जागी ड्रेसर आला. भला माणूस, पण त्याला एका सकाळी बावीस हात-पाय उरकायचे होते. पेंटरनं तीन दिवस हात मागं ओढला. चौथ्या दिवशी बोटं आकड्यासारखी वळली. डॉक्टर फक्त म्हणाले, "आठवडाभर असंच चाललं तर माझ्या हातात काही नाही."

पेंटर दोन जिने उतरून कोठीत गेला. सिस्टर बाटल्या लावत होती.

"मी वर आले तर नोकरी जाईल," ती म्हणाली. "पण पाटी कोण रंगवत होतं?"

"मी."

"मग माझ्यावाचून अडलंय कुठं? समोर बसून चुकीचं बोलणारं माणूस हवं, बस."

"त्याची घरात टंचाई नाही."

दुसऱ्या दिवशी ड्रेसरनं पेंटरच्या बायकोला खुर्ची दिली. तिनं आधी मधाळ आवाज लावला. "आता तुम्हाला... खूप शांत..." पेंटर इतका हसला की ड्रेसरला चिमटा खाली ठेवावा लागला.

"दात काढू नका," बायको तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "मी म्हणते, हिरव्यावर लाल काय वाईट दिसतं?"

"अगं, डोळे फुटतील लोकांचे."

"फुटू दे. किनार जांभळी घ्या."

त्यानं डोळे मिटून घेतले आणि तिची पाटी खोडून पहिल्यापासून मांडायला घेतली. मधेच ड्रेसर घाई करायला लागला तशी ती पुटपुटली, "भाऊ, दमानं. यांची सावली राहिलीय अजून." पाचही बोटं सरळ झाली. त्या दिवशी आणि पुढं रोज.

दोन महिन्यांनी पेंटर कोठीत परत गेला आणि हात पुढं केला. सिस्टरनं एकेक बोट वाकवून पाहिलं.

"करंगळी पूर्ण उघडत नाही."

"ब्रशला करंगळी लागत नाही." आभार मानायची त्याला सवय नव्हती. "सिस्टर, तुम्ही, बायको आणि ड्रेसरभाऊ, तिघांनी धरून ठेवला हा हात. मी कमावतो तो तुमच्यामुळं. जन्मभर विसरणार नाही."

"कमवा की," ती म्हणाली. तिनं पाठ फिरवली आणि आधीच नीट लावलेल्या बाटल्या पुन्हा लावायला घेतल्या.

त्याच दिवशी त्यानं तुमच्या टेबलावर अर्ज ठेवला, सिस्टरला वॉर्डात परत आणा असा, त्याच हातानं लिहिलेला. तुमचा कारकून म्हणाला, बघू. साहेब, आज सकाळी वॉर्डात एक बाई दाखल झाल्यात, दोन्ही हात भाजलेत. त्यांचं पहिलं ड्रेसिंग उद्या आहे. सिस्टर तोवर दोन जिने वर येणार की नाही? हो किंवा नाही, आजच सांगा.