गाडीबाबाचे चांदीचे डोळे

जुनी मोटार म्हणजे एखाद्या घराण्याचा चालता-बोलता इतिहास असतो. कळंबच्या रणवऱ्यांचा इतिहास चालायला मागून दोन माणसांनी ढकलावं लागे, आणि बोलायचं म्हटलं तर भानुदास रणवरे त्याविषयी वकिलाशिवाय एक शब्द काढायला तयार नव्हता.

हा इतिहास म्हणजे १९५१ सालची फिकट हिरवी हिलमन. भानुदासच्या आजोबांनी वालचंदनगरच्या एका इंजिनिअर साहेबाकडं पंधरा वर्षं ड्रायव्हरकी केली आणि साहेब गाव सोडून जाताना गाडी त्यांनाच देऊन गेला. ती दारात आली तो दिवस नेमका दसऱ्याचा होता. पूजा करायची तर कपाळ कुठं ते कळायला पाहिजे. बैलाचं कळतं, मोटारीचं कसं कळणार? आजोबांनी बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या मागच्या पत्र्यावरची एक पितळी पट्टी दाखवली. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती.

“हितं हिचं नाव-नंबर कोरल्यालं असतंय,” आजोबा म्हणाले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण साहेबाजवळ पंधरा वर्षं काढलेली असल्यामुळं कुणी शंका घेतली नाही.

घरात नुकत्याच नांदायला आलेल्या सुनेनं, म्हणजे भानुदासच्या आईनं, कुशाबाईनं, त्या पट्टीवर तेलात कालवलेला शेंदूर लावला. मग दर दसऱ्याला लावला. शेंदूर मोरगावहून आणायचा, दुसरीकडचा चालायचा नाही. वीस वर्षांत त्याची मूठभर गाठ झाली. गाठीला हळूहळू नाकासारखं काहीतरी आलं. नाक आल्यावर डोळ्यांवाचून बरं दिसेना, म्हणून कुशाबाईनं बारामतीच्या सराफाकडून चांदीचे डोळे आणून बसवले. तेव्हापासून बॉनेट उघडलं की आतून कुणीतरी बघायचं. घरात त्याला गाडीबाबा म्हणत. इंजिन बिघडलं तर मेकॅनिकनं आधी त्याच्या पाया पडायचं आणि मग पान्याला हात घालायचा, असा रिवाज होता.

भानुदासला भीती वाटायची ती बाबाची नाही. बाबाच्या खाली जे होतं त्याची.

एकतीस वर्षांपूर्वी गाडीचे कागद उंदरांनी खाल्ले. नवं आरसी बुक काढायचं तर चासी नंबर हवा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासून काढलेला छाप हवा. आणि नंबर तर बाबाच्या पोटात. खरवडायचं नुसतं नाव काढलं तर कुशाबाईनं दोन दिवस अन्न सोडलं. शेवटी भानुदासनं बारामतीला कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या म्हस्कू एजंटाला गाठलं. भानुदास उसाला पाणी द्यायला गेला असताना म्हस्कू एका दुपारी घरी आला, दहा मिनिटं गाडीपाशी घुटमळला आणि महिन्याभरात नवंकोरं बुक घेऊन हजर झाला. बुकात चासी नंबर होता.

“आरं, पण नंबर आणलास कुठनं?” भानुदासनं विचारलं.

म्हस्कूनं बुक भानुदासच्या हातात ठेवलं. त्यानं उजवा डोळा मारला.

त्या डोळ्यानं भानुदासच्या आयुष्याचा सत्यानाश केला. म्हणजे नंबर मनानंच टाकला होता तर. बनावट दस्तऐवज! पेपरात असल्या बातम्या यायच्या, त्या तो कलमांसकट वाचायचा. एकतीस वर्षांत त्यानं गाडी वालचंदनगरच्या पुढं नेली नाही. रस्त्यात पोलिसाची टोपी दिसली की तो गाडी सरळ उसात घालायचा आणि टोपी दिसेनाशी होईपर्यंत आत बसून राहायचा. एकदा टोपी पोस्टमनची निघाली. तोवर दीड तास झाला होता. म्हस्कू पुढं वारला, तेव्हा मयताला जाऊन आल्यावर भानुदासला आधी वाईट वाटलं आणि मग जास्त भीती वाटली. आता गुन्ह्याला आरोपी एकच उरला होता.

अशात पुण्याला नोकरी करणाऱ्या त्याच्या मुलीनं, निकितानं, बारामतीत भरणाऱ्या जुन्या मोटारींच्या प्रदर्शनाचा फॉर्म परस्पर भरला आणि आजीला फोन करून सांगितलं. कुशाबाईनं ते गावाला सांगितलं. त्यानंतर नाही म्हणायची सोय उरली नाही.

“कागद काय काय मागत्यात?” भानुदासनं विचारलं.

“काही नाही हो पप्पा, फक्त आरसी बुक,” निकिता म्हणाली.

त्या आठवड्यात भानुदासचं वजन दोन किलोनं उतरलं.

जानेवारीतला रविवार होता. कळंबहून बारामतीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं हिलमन धुरळा खात आली. भानुदासनं वाटेत चार टोप्या मोजल्या. पण यावेळी गाडी उसात घालायची सोय नव्हती, मागच्या सीटवर आई होती.

मैदानात तीस-पस्तीस गाड्या ओळीनं उभ्या होत्या. कुणाची शेवरले, कुणाची मॉरिस, एका डॉक्टरांची लांबलचक काळी ब्यूक. लोक त्यांच्याभोवती लग्नातल्या नवरीकडं बघावं तसे, हात न लावता, मान तिरकी करून फिरत होते. हिलमन उभी राहिल्यावर तिच्याभोवतीही दहा-बारा जण जमले. एक म्हातारे गृहस्थ तर “काय रंग आहे हो, अगदी कच्च्या कैरीचा!” म्हणून डोळे पुसत राहिले. दुसरा कुठला दिवस असता तर भानुदासची छाती फुगली असती. आज ती नुसतीच धडधडत होती. इंजिन त्यानं चालूच ठेवलं होतं. एकदा बंद केलं तर परत चालू होईलच असं नव्हतं, आणि पळायची वेळ आली तर ढकलायला माणसं कुठं शोधायची?

शेजारी सोमेश्वरनगरचा अविराज आपली लाल फियाट पुसत होता. पोरगा आनंदी स्वभावाचा होता. असल्या माणसांकडून वाईट बातम्या फार सहज मिळतात.

“काका, तुमची ओरिजिनल हाय ना?”

“म्हंजी?”

“नंबर जुळतोय ना कागदाला? आज परीक्षक ताम्हाणे सायेब हायेत. रिटायर मोटार इन्स्पेक्टर. नोकरीत असताना त्यांनी सख्ख्या मेव्हण्याची जीप जप्त केली हुती.”

“का?”

“एक आकडा चुकला हुता. तीनच्या जागी आठ.”

आपले किती आकडे चुकले असतील याचा भानुदासनं हिशेब केला. सगळेच.

“मग मेव्हण्याचं काय झालं?”

“अजून तारखा चालू हायेत,” अविराज फियाटच्या काचेवर तोंडाची वाफ सोडत म्हणाला.

ताम्हाणे साहेब ओळीच्या त्या टोकाला दिसले. पांढरा शर्ट, हातात बॅटरी, खिशात भिंग. प्रत्येक गाडीपाशी ते वाकत, आत बघत, कागद बघत, परत आत बघत. चौथ्या गाडीपाशी ते दोनदा वाकले. त्या गाडीचा मालक घाईघाईनं काहीतरी सांगू लागला. साहेबांनी मान हलवली आणि यादीवर आडवी रेघ मारली. मालक गाडीच्या पायरीवर बसला आणि पुढची पंधरा मिनिटं उठला नाही. भानुदासनं मैदानाच्या भिंतीची उंची नजरेनं मोजली. आईला सोडून जाता येत नव्हतं आणि आईला घेऊन भिंत चढता येत नव्हती.

“पप्पा, तुम्हाला घाम का येतोय? थंडी आहे,” निकिता म्हणाली.

“इंजिन तापलंय.”

“तुम्ही इंजिनापासून लांब उभे आहात.”

साहेब आले. आरसी बुक घेतलं, उघडलं, वाचलं. भानुदासला त्यांची बोटं कागदावरून फिरताना आपल्या गळ्यावरून फिरल्यासारखी वाटली.

“बॉनेट उघडा.”

बॉनेट उघडलं. आतून चांदीच्या डोळ्यांनी बाबानं साहेबांकडं बघितलं. साहेब एक पाऊल मागं सरले.

“हे काय आहे?”

“गाडीबाबा,” कुशाबाई मागच्या सीटवरून उतरत म्हणाली. “पाया पडा आधी.”

साहेब पाया पडले. मग बॅटरी मारून त्यांनी गाठीच्या कडेनं निरखलं. एका बाजूला पितळेची बारीक कड चमकली.

“खाली पट्टी आहे. नंबर ह्याच्यावरच असेल?”

“त्याच्यावरच हाय,” कुशाबाई अभिमानानं म्हणाली. “सासऱ्यानं दाखवली हुती.”

“मग खरवडावं लागेल, आजी.”

गर्दी अर्धं पाऊल पुढं सरकली. भानुदासनं आईकडं एवढ्या प्रेमानं कधी बघितलं नव्हतं. आता ती अंगावर धावून जाईल. अन्न सोडेल. इथंच मांडी ठोकून बसेल. आई, बस!

“मी कोण न्हाय म्हणनारी?” कुशाबाई म्हणाली. “बाबाला इचारू. कौल लावू.”

तिनं पिशवीतनं झेंडू काढला, दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या. एक बाबाच्या उजव्या अंगाला चिकटवली, एक डाव्या. उजवी पडली तर हुकूम, डावी पडली तर हात लावायचा नाही. ताम्हाणे साहेबांनीही हात जोडले. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला वरून हुकूम येईपर्यंत थांबायची सवय असते.

भानुदास डाव्या पाकळीकडं बघत राहिला. पड. पड, माझे आई. आणि तेवढ्यात त्याला दिसलं की दोन्ही पाकळ्या थरथरताहेत, बाबा थरथरतोय, सगळं बॉनेट थरथरतंय. इंजिन चालू होतं. ते त्यानंच चालू ठेवलं होतं. तो किल्लीकडं धावला, पण गाडीच्या दाराचं हँडल आतून अडकायचं, ते त्याच दिवशी नीट वागेल असं काही नव्हतं.

उजवी पाकळी पडली.

“बाबा व्हय म्हनला,” कुशाबाई म्हणाली आणि तिनं स्वतःच डोळे काढून पदराच्या गाठीत बांधले.

शेवटी दार उघडलं आणि इंजिन बंद झालं. शेवटचा हिसका देऊन गाडी गप्प झाली आणि मैदानभर एकदम फार शांत वाटू लागलं. अविराजनं थर्मासमधलं गरम पाणी आणलं. साहेबांनी बूट काढून ठेवले, बाह्या वर केल्या आणि चमच्यानं हलकेच खरवडायला सुरुवात केली. शेंदराचे पापुद्रे निघू लागले. खाली जुना, काळपट शेंदूर. त्याच्या खाली आणखी जुना. कुशाबाई प्रत्येक पापुद्रा तळहातावर घेऊन पिशवीत ठेवत होती. भानुदास पापुद्रे मोजत होता. त्याला येरवडा दिसत होता. तारखा दिसत होत्या. कळंबच्या पारावर पेपर वाचणारी माणसं दिसत होती. पितळेवर पहिलं अक्षर उघडं पडलं.

“सायेब!” त्याचा आवाज फाटला. “थांबा! नंबर खोटा हाय. म्हस्कूनं मनानं टाकलाय. मला ठावं हुतं. आईला काय ठावं न्हाय, पोरीला न्हाय. एकट्याला धरा मला.”

“पप्पा!” निकिता म्हणाली.

“आरं मुडद्या,” कुशाबाई म्हणाली.

साहेबांनी वर बघितलं नाही. त्यांनी पट्टी पाण्यानं धुतली, रुमालानं पुसली, भिंग लावलं आणि सावकाश वाचली. मग परत वाचली.

“ह्याच्यावर नंबर नाही,” ते म्हणाले. “सूचना आहे. इंजिनातलं तेल दर हजार मैलांनी बदलावं.”

कुणी हसलं नाही. कुशाबाईनं पिशवीतल्या शेंदराकडं बघितलं, मग पट्टीकडं बघितलं.

“मग नंबर?” भानुदासनं विचारलं. तो विचारत होता की दुसरंच कुणी, हे त्याला कळेना.

साहेब गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. तिथं, बॉनेटखालच्या पत्र्यावर, एका खिळ्याला शेंदराचे हात पुसायचं फडकं लटकत होतं. ते खुद्द भानुदासनंच ठोकलेल्या खिळ्याला वीस-पंचवीस वर्षं लटकत होतं. साहेबांनी ते दोन बोटांनी उचललं. खाली नंबर होता. लख्ख, हाताएवढ्या अंतरावरून चष्म्याशिवाय वाचता येईल असा. त्यांनी आरसी बुक शेजारी धरलं आणि एकेक आकडा बोट ठेवून बघितला.

“जुळतोय,” ते म्हणाले. “सगळे आकडे. ज्यानं छाप घेतला त्यानं स्वच्छ घेतलाय.”

तेव्हा कुठं भानुदासला आठवलं की म्हस्कूचा उजवा डोळा कायमच लवायचा. तो चहा सांगताना लवायचा, पाऊस पडला म्हणून सांगताना लवायचा. स्वतःच्या बापाच्या दहाव्याचं निमंत्रण देतानाही तो लवला होता.

“तुमचं मघाशी काय म्हणणं होतं?” साहेबांनी बूट घालता घालता विचारलं.

“काय न्हाय,” भानुदास म्हणाला.

साहेबांनी यादी काढली. शेवटचा रकाना उरला होता.

“तेल शेवटचं कधी बदललं?”

भानुदास आठवू लागला. त्याला आठवेना.

“दर दसऱ्याला घालतोय की,” कुशाबाई पिशवी उराशी धरून म्हणाली. “शेंदरात.”

देखभालीला हिलमनला दहापैकी दोन गुण मिळाले.