रजबमध्ये अम्मी भांडत नाही

आमच्या लॉन्ड्रीत अम्मीला सगळे तोफ म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि ती ऐकून घेते, कारण तिला ते आवडतं. बावीस वर्षं ती रोलरवर उभी आहे. पाण्याचं पिंप रिकामं असलं, कुणाची रजा नाकारली, संडासाची कडी तुटली, की बायका साहेबाकडे जात नाहीत, अम्मीकडे येतात. ती ओढणी कंबरेला खोचते, केबिनच्या दारात उभी राहते, आणि पाचव्या मिनिटाला मिस्त्री कडी बसवायला हजर होतो.

फक्त रजबमध्ये ती भांडत नाही.

अल्लाहने चार महिने पवित्र ठरवलेत, त्यांत लढाई नाही. तीन एकामागोमाग येतात, रजब एकटाच बाजूला पडलेला. माझे नाना सांगायचे, जुन्या काळी रजब लागला की माणसं भाल्यांची पाती काढून ठेवायची. बापाचा खुनी वाटेत भेटला तरी मान खाली घालून पुढे जायचं. शस्त्रांचा खणखणाट कानावर पडत नाही म्हणून त्याला बहिरा महिना म्हणायचे. अम्मी सोळा वर्षांची असताना नाना तिला म्हणाले, "पोरी, तुझ्याकडे भाला नाही, जीभ आहे. तेवढी काढून ठेव." तिने ठेवली. चौतीस रजब झाले, एकही मोडला नाही. सोमवारी आणि गुरुवारी रोजा धरते. विचारलं तर म्हणते, पेरणी रजबमध्ये, पाणी शाबानमध्ये, मग रमजानमध्ये पीक. न पेरता कापायला निघालेली माणसं तिला चालत नाहीत.

आमच्या साहेबालाही आम्ही नाव ठेवलंय, कडक. कपड्यांवरून. त्याने यंदा आधीच विचारून ठेवलं होतं, "तुमचा तो महिना कधी लागतो हो?" अम्मीने खुशीत तारीख सांगितली. मला वाटलं, माणूस सुधारला. मी मूर्ख.

रजबच्या तिसऱ्या दिवशी रोलरची दांडी गायब झाली.

रोलर म्हणजे माणसाच्या कंबरेएवढा जाड, तापलेला लोखंडी दंडगोल. दोघी समोरून हॉस्पिटलच्या ओल्या चादरी आत घालतात, दोघी मागून सुकलेल्या झेलतात. रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. तिला बोट लागलं की मशिन जागेवर थांबतं. पण बोटच नाही, चुकून बाही लागली तरी थांबतं, आणि दिवसाच्या शंभर चादरी कमी निघतात. साहेबाला त्या शंभर चादरी हव्या होत्या. बोटं आमची होती.

अम्मीने मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि चादर उचलली. बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

सहाव्या दिवशी वहिनीची दोन बोटं भाजली. वहिनी म्हणजे माझ्या भावाची बायको, अम्मीच्या शेजारीच उभी असते. अम्मीने तिला मनगटाला धरून ओढलं म्हणून दोनच. साहेब आला, म्हणाला, "लक्ष कुठं असतं तुमचं?" मग अम्मीकडे वळून गोड हसला. "आणि तुम्ही शांत राहा हं. पवित्र महिना आहे ना तुमचा?"

अम्मी शांत राहिली. तिथेच माझं डोकं फिरलं.

घरी आल्यावर मी तिला सोडलं नाही. "अकरा महिने तोफ, आणि कामाच्या वेळी फुसका बार. त्याने तुझा रजब बघूनच दांडी काढली, कळतंय का तुला? तू त्याला मुहूर्त काढून दिलास."

"जाऊ दे गं," वहिनी म्हणाली. तिचा हात पाण्याच्या पातेल्यात होता.

"तू गप्प बस. तुझाच हात आहे तो."

"म्हणूनच म्हणते. आरडाओरडा केला की जास्त ठणकतो."

 अम्मीने कुराण काढलं, अर्थ दिलेलं, आणि चार महिन्यांची आयत शोधली. अरबी तिला लहानपणापासून पाठ आहे. अर्थ मात्र नानांनी सांगितला तेवढ्यावर ती थांबली होती. ओळीवर बोट ठेवून तिने हळूहळू वाचलं. परत वाचलं. मग वहिनीच्या हाताकडे बघितलं.

"या महिन्यांत स्वतःवर जुलूम करू नका, असं आहे इथे," ती म्हणाली. "नानांनी हे सांगितलंच नाही मला."

"मग भांडणार उद्या?"

"नाही."

"मग काय करणार?"

"जेव आणि झोप. उद्या माझा रोजा आहे, डोकं खाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. रोलर तापला. चादरींच्या ट्रॉल्या आल्या. अम्मी आपल्या जागेवर उभी राहिली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. नुसती उभी. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले, वहिनीच्या जागी आलेली बाईही थांबली.

साहेब आला. "काय चाललंय? भांडायला सुरुवात केली का?"

"नाही साहेब," अम्मी म्हणाली. "माझा आवाज चढलाय का?"

"मग चादर घाला."

"दांडी बसवा, घालते."

"दांडी बसणार नाही."

"बरं."

आता बरं म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडणार? साहेब बघतच राहिला. तोफेची तयारी करून आला होता बिचारा, आणि समोर भिंत. तो ओरडला, कामावरून काढीन म्हणाला. अम्मी म्हणाली, बरं. घडी घालणारी मावशी टेबलावरून उठली, हात पाठीमागे घेऊन आमच्या रांगेत आली. "मावशी, तुमचाही महिना का?" साहेबाने विचारलं. "हात माझे आहेत," मावशी म्हणाली. "त्यांना महिना विचारत नाही मी." मग धुलाईच्या बाया आल्या. चौदा जणी. कुणाचं तोंड उघडं नाही.

समोरून साहेबाला अम्मीचा चेहरा दिसत होता, दगडासारखा. मी मागे होते. मला तिचे हात दिसत होते. उजव्या हाताने डावं मनगट तिने इतकं घट्ट धरलं होतं की नखं पांढरी पडली होती. बावीस वर्षांची नोकरी त्या मुठीत होती. आरडाओरडा करताना मी तिला कधी घाबरलेलं बघितलं नाही. ओरडणं तिला सोपं जातं.

हॉस्पिटलचा फोन वाजला. साहेबाने रागारागाने स्वतःच चादर उचलली, कोपरा रोलरच्या तोंडाशी नेला, आणि वाफ लागताच हात असा मागे घेतला, जणू साप दिसला. चादर जमिनीवर. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"मिस्त्रीला बोलवा," तो भिंतीकडे बघून म्हणाला.

मिस्त्री आला. दांडी त्याने पुसून, तेल लावून बाकाखाली जपून ठेवली होती. आठ मिनिटांत बसवली. अम्मीने दांडीला एक बोट लावलं. रोलर थांबला. पुन्हा चालू करायला लावून पुन्हा लावलं. तीनदा. मग चादर उचलली.

साहेब जाता जाता म्हणाला, "रजब संपू दे, मग बघतो."

"रजब संपल्यावर मीही आहेच साहेब," अम्मी म्हणाली. एवढं एकच वाक्य ती दिवसभरात जास्तीचं बोलली, आणि मला वाटतं तेवढ्याची तिला लगेच रुखरुख लागली.

मी या बाईची मुलगी आहे. ज्यांना वाटतं की पवित्र महिना म्हणजे मान खाली घालून मार खाण्याचा महिना, त्यांनी येऊन आमच्या रोलरची दांडी बघावी.

सूर्य बुडाला तेव्हा आम्ही घरात होतो. अम्मीने पाण्याचा पेला हातात धरला, पण ओठाला लावला नाही.

"माझा रजब मोडला का गं?"

जन्मात पहिल्यांदा ती मला काही विचारत होती. मौलवीला नाही, भावाला नाही, मला.

"नाही मोडला," मी म्हणाले.

तिने बिस्मिल्लाह म्हणून पेला रिकामा केला आणि बोटांवर हिशेब लावला. "मग एकोणतिसाव्याला चांद दिसला तर बावीस दिवस राहिले, नाहीतर तेवीस," ती म्हणाली, आणि वहिनीची पट्टी बदलायला उठली.