वरची पायरी

युद्धातल्या बेपत्तांची हाडं जुळवणाऱ्या कचेरीतल्या पोरीने फोनवर विचारलं, "हस्नियाबाई, भावाची मांडी सापडलीय. कबर पुन्हा उघडायची का?" रिफेतला मी दोनदा पुरलं होतं. आधी बरगड्या, मग हात. डोक्याचं विचारलं तर म्हणाली, "युद्धात पुरावा लपवायला प्रेतांचे खड्डे यंत्राने उपसले, बाई. कुठलं कुठे गेलं, कोण सांगणार?"

कोण सांगणार! यंत्र चालवणारा वोयिन माझ्या कुंपणापलीकडेच राहतो. मेल्याने तीस वर्षांत हवापाण्यापलीकडे शब्द काढला नाही.

संत जॉर्जचा दिवस त्याच्या घरचा सण. त्या दिवशी आमंत्रण कुणालाच नसतं आणि आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. युद्धाआधी मी दरवर्षी जायची. यंदा गेले. त्याची बायको स्तोयांका मला घ्यायला तीन पायऱ्या उतरली. परतताना तिने वरची पायरी सोडून लांब ढांग टाकली. गुडघे दुखतात म्हणून गावभर रडणारी बाई! मी मात्र त्या पायरीवर पाय देऊन वर गेले.

वोयिन कोकरू कापत होता. "ये शेजारणी! घाबरू नकोस, डुक्कर नाहीये." मी मुसलमान, म्हणून पाहुणे हसले.

"वोयिन, रिफेतचं डोकं कुठे टाकलंस?"

"सणासुदीला अभद्र बोलू नकोस."

"मग कधी बोलू? तुझ्या मर्तिकाला?"

"आमची नाही मेली माणसं? माझा भाऊ तुमच्याच लोकांनी मारला."

"मारला. पण तू त्याला अख्खा पुरलास."

त्याचा मुलगा मिलेंको उठला आणि माझे केस धरून त्याने थोबाडीत दिली. माझ्या हाताला टेबलावरची सुरी लागली. ती मी वोयिनच्या पंजातून आरपार टेबलात रोवली. तो गुरासारखा ओरडला. मिलेंकोने मला फरफटत नेऊन पायऱ्यांवरून फेकलं, वर पोटात लाथा घातल्या. दोन दात तुटून हातात आले. वाईट वाटलं ते एवढंच, की सुरी गळ्यात नाही गेली.

स्तोयांका कुदळ घेऊन आली. मला वाटलं, आता संपले. तिने कुदळ माझ्या हातात दिली.

"वरच्या पायरीखाली. सिमेंट ओतताना मी डोकं पाहिलं होतं."

"आई!"

"गप रे! तीस वर्षं ढांगा टाकून कंबर मोडली माझी."

मिलेंको जागीच थिजला. मी रक्त थुंकत घाव घातले. पायरी फुटली. मातीतून कवटी निघाली. मी ती छातीशी धरली, पुसली, आणि पुढचा सोन्याचा दात चमकला.

रिफेतला सोन्याचा दात कधीच नव्हता.

"हा कोण, वोयिन?"

वोयिन हाताला टॉवेल गुंडाळून दारात उभा होता. त्याची नजर मधल्या पायरीवर गेली. तिच्यावर स्तोयांका उभी होती, तीस वर्षं निर्धास्त उभी राहायची तशी. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे, आणि किंचाळली.

मी कवटी रुमालात बांधून बाजूला ठेवली आणि कुदळ उचलली.

"सरक, स्तोयांका," मी म्हणाले.