एका सेकंदाचं दार

हेरंबला लहानपणापासून एक वाईट खोड आहे. स्वतःचं चुकलं की तो वस्तूवर ढकलतो. कप फुटला तर कपच निसरडा, पेपर अवघड गेला तर पेनच भिकार. वस्तूंना जीभ नसते, म्हणून त्याचं आजवर निभलं. पण परवा शनिवारी त्याने एका मेलेल्या माणसावर ढकललं, तेही त्या मेलेल्याच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडावर, आणि मी तिथे बसलेली असताना.

इकडे तमिळ मुलखात, आवडी गावी, आमच्या घराखालीच दुकान आहे. हेरंबचे वडील डिफेन्सच्या फॅक्टरीतून रिटायर झाले आणि त्यांनी ते टाकलं. समुद्रकाठच्या एन्नोरच्या मच्छीमारांचे बोटीवरचे वायरलेस सेट दुरुस्त करून, बरोबर आकड्यावर जुळवून द्यायचे. ते गेल्यापासून हेरंब बसतो. सेटमधून सेकंदाला किती लाटा निघतात ते मोजायला टेबलावर एक काउंटर आहे. सगळं दुकान त्याच्या जिवावर. मी शिकले चौथीपर्यंत, पण तो घरी आला तेव्हा ह्यांनी झाकण काढून मला सगळा दाखवला होता. दुसरं ऐकणारं घरात होतं कोण?

आत शिरणारी लाट मळकी असते, कधी उंच कधी बुटकी. पहिलं सर्किट तिला मोठं करतं आणि छाटून सरळ कडांचे ठोके बनवतं. पुढे दार. दार उघडं असेल तेवढेच ठोके मोजणीला जातात. ते किती वेळ उघडं ठेवायचं हे ठरवतो क्वार्ट्झचा एक स्फटिक. तो सेकंदाला लाखो वेळा थरथरतो. त्या थरथरीला दहाने भाग, पुन्हा दहाने भाग, असं करत करत शेवटी सेकंदाला एक ठोका उरतो. त्या ठोक्यावर दार उघडतं, पुढच्यावर मिटतं. झालेली मोजणी धरून ठेवून काचेवर दाखवतात, तोवर मागे नवी सुरू. पार्थसारथीच्या देवळात एकादशीला रांग सोडतात, तसंच. शिपाई घड्याळ बघून दांडा उचलतो, पलीकडचा माणसं मोजतो. शिपायाचं घड्याळ हळू चाललं तर दांडा जास्त वेळ वर राहणार आणि माणसं जास्त भरणार. मोजणारा बिचारा चोख मोजतो, आकडा मात्र खोटा.

तर शनिवारी दुपारी वाणी आली. एन्नोरची कोळीण, पदरात सेट गुंडाळून आणलेला. तिचा भाऊ वेलायुदम आणि त्याच्याबरोबरचे दोघे महिन्यापूर्वी समुद्रात गेले ते परत आले नाहीत. इंजिन बंद पडलं असावं, वारा सुटला. उलटलेली बोट आणि पाणी न शिरणाऱ्या खोक्यातला हा सेट तेवढा सापडला.

"तंबी, एवढं बघून सांग," ती तमिळमध्ये म्हणाली. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. "हा चालत होता का? किनाऱ्यावरच्या ऑफिसात म्हणतात, कोणीतरी बोलत होतं पण नुसती खरखर आली, शब्द कळला नाही. वस्तीत म्हणतात वेलायुदम प्यायलेला होता, त्याने त्या दोघांना बुडवलं. त्यांच्या बायका माझ्या वहिनीला नळावर उभं राहू देत नाहीत."

हेरंबने सेट पुसला, बॅटरी जोडली, काउंटरला लावला. काचेवर आकडा आला, अगदी जिथे हवा तिथे.

"सेट उत्तम आहे," तो म्हणाला. "तुमच्या बोटी एकमेकींशी बोलतात ना?"

"त्या बोलतात. स्वच्छ ऐकू येतं. पण त्या दिवशी जवळपास दुसरी बोट नव्हती."

"मग झालं तर. सगळे मीच जुळवलेत. तुझ्या भावाने बटण धड दाबलं नसेल. शुद्धीत होता ना?"

वाणीने माझ्याकडे पाहिलं. "अम्मा, तो पीत नव्हता," एवढंच म्हणाली. सेट परत गुंडाळला आणि गेली. मी पोराला दोन शब्द ऐकवले तर म्हणाला, "आई, यंत्र खोटं बोलत नाही."

माझी सून रुचा ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. चहा घेऊन खाली आली होती, तिने सगळं ऐकलं. कप ठेवता ठेवता तिचं लक्ष काउंटरच्या पाठीमागे गेलं. तिथून एक वायर निघून शेजारच्या, चाचणीसाठी ठरावीक लाटा सोडणाऱ्या जनरेटरच्या पाठीत शिरलेली.

"हेरंब, काउंटर बरोबर आहे हे तू कशावर ताडून बघतोस?"

"जनरेटरवर. रोज सकाळी. शेवटचा आकडासुद्धा हलत नाही."

"हलेल कसा? ही वायर जनरेटरला सेकंद पुरवते, काउंटरच्याच स्फटिकाचा. हा चुकला की तोही तेवढाच चुकणार. दोघं जन्मभर एकमेकांना हो म्हणत बसतील."

मला म्हणाली, "आई, गेल्या वर्षी वादळात दुकानात पाणी शिरलं होतं ना, तेव्हा काउंटरचा स्फटिक गेला. मूळचा गरम डबीत असायचा, हवा बदलली तरी हलू नये म्हणून. ह्याने रिची स्ट्रीटच्या बाजारातून साधा आणून बसवलाय."

"चालतो की तो!" हेरंब ओरडला.

सोमवारी रुचाने कारखान्यातून एक डबी मागून आणली. तिला सेकंद आकाशातल्या उपग्रहांकडून येतो. पाठीमागची वायर काढून तिने ती डबी काउंटरला जोडली आणि दुकानातला हेरंबने जुळवलेला एक सेट लावला. काचेवरचा आकडा घसरला. पुन्हा लावला, पुन्हा तेवढाच घसरला. बाजारातला स्फटिक हळू होता. दार जास्त वेळ उघडं राहायचं, आकडा फुगायचा, आणि तो फुगलेला आकडा बरोबर करायला हेरंब प्रत्येक सेट खाली ओढायचा. वादळानंतरचा प्रत्येक सेट. बोटींना एकमेकींचं ऐकू यायचं, कारण सगळ्या एकसारख्याच चुकीच्या होत्या. किनाऱ्यावरचा सेट मात्र बरोबर आकड्यावर होता, म्हणून तिथे नुसती खरखर पोचायची.

वेलायुदम बोलत होता. शुद्धीत, बटण दाबून, बहुधा बॅटरी संपेपर्यंत बोलत होता.

रुचा तोंडाला पदर लावून वर निघून गेली. हेरंब स्टुलावर बसून राहिला. मला वाटलं, आता रडेल. रडला नाही. हिशेबी आवाजात म्हणाला, "आई, नवा स्फटिक मागवतो. मग पावसाळी सर्व्हिसिंग फुकट म्हणून सांगतो, सेट आपोआप परत येतील. गुपचूप नीट करून देतो. कोणाला काही कळायचं कारण नाही."

"आणि आज ज्या बोटी बाहेर आहेत त्या?"

"रोज थोडीच इंजिनं बंद पडतात."

"वाणीचं काय?"

"तिला सांगून माणूस परत येणार आहे का? केस होईल. दुकान जाईल. बाबांचं नाव जाईल."

बापाचं नाव काढलं आणि माझं डोकं तडकलं. त्या माणसाने शंका आली म्हणून एक सेट तीनदा उघडलेला मी पाहिलाय, गिऱ्हाईक दारात शिव्या घालत असताना. पण ते मी ह्याला सांगितलं नाही. ज्याला बाप आठवतो तो फक्त पाटीवरचा, त्याला काय सांगायचं? मी वर जाऊन लुगडं बदललं, खाली आले आणि दुकानाचा दिवा घालवला.

"कुठे निघालीस?"

"एन्नोरला."

"आई, वेडी झालीस का? मी तुझा मुलगा आहे!"

"आहेस. म्हणून तोंडावर सांगते, नीट ऐक. स्फटिक हळू निघाला ही चूक. वायर लावून ठेवलीस तो गाढवपणा. तेवढं असतं तर तुला पोटाशी धरून मी पोलिसांपुढे उभी राहिले असते. पण जो माणूस मदत मागत मेला, त्याला तू दारुडा ठरवलंस, आणि खरं कळल्यावरही ठरवूनच ठेवणार आहेस. ही चूक नाही हेरंब, हा नीचपणा आहे, आणि तो कुठल्या यंत्राचा नाही, तुझा आहे. आता त्या नळावर, त्या दोन विधवांसमोर, वाणीच्या वहिनीला तू आपल्या तोंडाने सांगणार आहेस की तिचा नवरा बोलत होता. ते लोक तुला मारतील तर मारतील. मी मध्ये पडणार नाही."