घरच्या गोळ्या

माझ्या बहिणीचा नवरा व्हर्लिन पिस्तुलाच्या गोळ्या घरी भरायचा. ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात त्याचं कुणाला नवल नव्हतं. शनिवारी जुन्या खाणीमागे नेमबाजीला निम्मं गाव जमतं, आणि झाडलेल्या पितळी पुंगळ्या वाकून वाकून वेचणारे त्यात चार-दोन असतातच. व्हर्लिन त्यांतला. वीज केंद्र बंद पडल्यावर त्याची नोकरी गेली, आणि त्याच हिवाळ्यात दुकानांच्या फळ्यांवरून गोळ्यांची पाकिटंही नाहीशी झाली. लोक दुकान उघडायच्या आधीपासून रांगेत उभे राहायचे. व्हर्लिन तळघरात बसून त्यांना हसायचा.

त्याचं म्हणणं असं, की पितळ फुकटचं, बंदुकीची दारू जुन्या साठ्यातली, आणि शिसं टायरवाल्याकडचं. चाकाचा तोल साधायला जी वजनं लावतात, ती जुनी झाली की टायरवाला टाकून देतो. ती वितळवायची आणि साच्यात ओतायची. विकतच्या निम्म्यात काम. हे तो जेवताना सांगायचा, चर्चच्या पायरीवर सांगायचा, माझ्या ट्रकच्या खिडकीत डोकं घालून सांगायचा.

"तू वाचवत काही नाहीस," मी एकदा म्हटलं. "आधी पाकीटभर उडवायचास, आता बादलीभर उडवतोस. खर्च तेवढाच."

"माझ्या गोळ्या उडवताना बरा गप्प असतोस," तो म्हणाला.

ते खरं होतं. भरायचाही चांगल्या. त्याची गोळी कधी फसली नाही.

पुढच्या शरद ऋतूत त्याची मुलगी केंड्रा नवऱ्याला सोडून माहेरी आली. कडेवर मॅसी होती, नुकती चालायला लागलेली. कुत्रा, ट्रक, आजी, दूध, सगळ्यांसाठी तिचा एकेक शब्द होता. नोकरी गेल्यापासून चिडचिडा झालेल्या व्हर्लिनला त्या पोरीने पुन्हा माणसांत आणलं. तिच्यासाठी त्याने पिस्तुलं पोलादी कपाटात टाकली, तळघराच्या दाराला उंचावर कडी ठोकली. खालचं काम आटोपलं की वर येऊन तो आरामखुर्चीत बसायचा आणि ती त्याच्या पोटावर पालथी झोपायची, गाल त्याच्या शर्टाला लावून.

हिवाळ्यात ती जेवेनाशी झाली. किरकिर वाढली. माझी बहीण लोरेटा म्हणाली, दाढा येत असतील. मग एक दिवस केंड्राच्या लक्षात आलं, की मॅसी कुत्र्याकडे नुसतं बोट दाखवते. शब्द गेला होता. हळूहळू बाकीचेही गेले.

दवाखान्यात बोटातलं रक्त घेतलं, मग दंडातलं. त्यात शिसं निघालं. त्यानंतर काउंटीच्या आरोग्य खात्यातून एक बाई घरी आल्या. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून त्यांनी आधी खिडक्यांचा रंग तपासला. त्यात काही निघालं नाही. तळघरात कोण काय करतं, असं विचारल्यावर व्हर्लिनने स्वतः कडी काढून त्यांना खाली नेलं. शिसं वितळवायचं भांडं दाखवलं, पुंगळ्या मक्याच्या भुशात घोळवून चकचकीत करणारं मशीनही दाखवलं. मला वाटतं, त्याला थोडा अभिमानच होता. बाईंनी ओल्या फडक्यांनी जिथून तिथून धूळ पुसून घेतली. बाजूच्या वॉशिंग मशीनवरून घेतली, घरभर गरम हवा सोडणाऱ्या भट्टीवरून घेतली, वर जाणाऱ्या जिन्यावरून, आरामखुर्चीच्या हातावरून.

सगळीकडे शिसं निघालं. झाडलेल्या पुंगळ्यांना चिकटलेलं शिसं भुशाच्या धुळीतून त्याच्या कपड्यांवर बसत होतं. ते कपडे मॅसीच्या कपड्यांबरोबर धुतले जात होते. उरलेलं भट्टीची हवा वर नेत होती.

"पण मी कडी लावली होती," व्हर्लिन म्हणाला. बाईंनी अहवालाचा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

त्याचंही रक्त तपासलं. त्यात पोरीपेक्षा कितीतरी जास्त शिसं होतं. त्याचं चिडणं, हाताचा कंप, हे सगळं नोकरी गेल्यामुळे असं आम्ही धरून चाललो होतो.

केंड्राने आरडाओरडा केला नाही. घर सोडायला तिने सामान भरलं. मऊ खेळण्यांत धूळ बसते, ती नेऊ नका असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून तिने ससा आणि अस्वल पलंगावरच ठेवलं. व्हर्लिन दारात आडवा उभा होता.

"मी सगळं उपसून टाकतो," तो म्हणाला. "गालिचा, सोफा, खालचं सगळं."

"टाका," ती म्हणाली. "पण बाबा, ते तिच्या हाडांत गेलंय. तिथून कसं काढणार?"

तो बाजूला झाला.

गालिचे त्याने एकट्याने फाडले. मी मदतीला गेलो तर मला आत येऊ दिलं नाही. मग गोळ्या भरायचं यंत्र त्याने विकायला काढलं. शेजारच्या गावचा एक तरुण ते बघायला आला, तेव्हा मी अंगणात होतो. तरुणाने यंत्राची दांडी दोनदा खाली-वर केली आणि विचारलं, विकतपेक्षा खरंच स्वस्त पडतं का. व्हर्लिन त्याच्या ट्रकच्या मागच्या सीटकडे बघत होता. तिथे लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती.

"नाही पडत," तो म्हणाला. "आणि हे विकायचं नाही."

तरुण शिव्या देत गेला. यंत्र व्हर्लिनने भंगारात घातलं.

मॅसी आता शाळेत जाते. तिच्यासाठी वेगळ्या बाई आहेत. बोलते, पण शब्द शोधत बोलते आणि सापडला नाही की स्वतःच्या कपाळावर हाताने मारून घेते. औषधांनी रक्त बरंच निवळलं. जे झालं ते भरून येणार नाही, असं डॉक्टरांनी पहिल्या वर्षीच सांगितलंय.

केंड्रा तिला त्या घरात आणत नाही. उन्हाळ्यात नदीकाठच्या बागेत भेटवते. मागच्या खेपेला लोरेटाने घरून चिकन तळून नेलं होतं. व्हर्लिन नवा शर्ट घालून लांबच्या बाकावर बसला होता. मॅसी धावत गेली आणि त्याच्या पोटावर रेलली. त्याने तिला हात लावला नाही. केंड्राकडे बघत राहिला. केंड्रा ताटं मांडत होती. तिने वर पाहिलं, आणि पुन्हा ताटं मांडायला लागली.